ह्वांग सॉक-यंग

ह्वांग सॉक-यंग : (१९४३ – ). दक्षिण कोरियातील श्रेष्ठ कादंबरीकार आणि कथाकार. मूळ नाव ह्वांग सू-यंग. कोरियन प्रथेप्रमाणे ‘ह्वांग’ हे आडनाव प्रथम येते. कोरियाची फाळणी, १९५०–५३ चे युद्ध, व्हिएटनाममधील कोरियन सैन्याचा सहभाग, लष्करी राजवट आणि वेगाने झालेले औद्योगिकीकरण ह्या विसाव्या शतकातील सर्व प्रमुख घटनांचा त्याच्या आयुष्याशी प्रत्यक्ष संबंध आला. सरकारी इतिहासात ज्यांची नोंद होत नाही, अशा माणसांची साक्ष नोंदवून ठेवणे हे आपल्या लेखनाचे काम आहे, अशी त्याची धारणा दिसते. आणि ही साक्ष सीमेच्या एकाच बाजूची असून भागणार नाही, ह्या जाणिवेपायी त्याला परागंदा व्हावे लागले व कारावासही भोगावा लागला.

ह्वांगचा जन्म मँचुरियातील शिंजिंग (चीनमधील चांगचुन) येथे झाला. त्या काळी कोरिया जपानच्या ताब्यात होता व शिंजिंग ही जपानने उभ्या केलेल्या मांचुको राज्याची राजधानी होती. १९४५ मध्ये जपानचा पराभव झाल्यावर त्याचे कुटुंब उत्तर कोरियातील ह्वांगहे प्रांतात परतले. लवकरच अडतिसाव्या अक्षवृत्ताशी देशाचे दोन भाग पडले व कुटुंब दक्षिणेत येऊन सेऊलच्या याँगदुंगपो ह्या कारखान्यांच्या व रेल्वे कामगारांच्या वस्तीत स्थायिक झाले. युद्ध सुरू झाले तेव्हा ह्वांग शाळकरी वयाचा होता. मँचुरिया, ह्वांगहे आणि याँगदुंगपो ही त्याच्या बालपणाची तिन्ही स्थळे पुढे त्याच्या कादंबऱ्यांत पुन्हा पुन्हा येतात.

शालेय शिक्षणात त्याचे मन रमले नाही. १९६२ मध्ये, विद्यार्थिदशेतच, त्याने लिहिलेल्या ‘इप्सॉक बुगुन’ (म. शी. उभ्या शिळेपाशी) ह्या गिर्यारोहणविषयक कथेला सासांग्ग्ये ह्या प्रतिष्ठित मासिकाचे नवलेखकांसाठी असलेले पारितोषिक मिळाले. १९६४ मध्ये जपानशी संबंध पूर्ववत करण्याच्या सरकारी धोरणाविरुद्ध विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. त्यांत भाग घेतल्यामुळे त्याला अटक झाली. कोठडीत त्याची गाठ फिरत्या मजुरांशी पडली आणि सुटकेनंतर त्यांच्याबरोबर तो देशभर हिंडला. बांधकामांवर व कारखान्यांत त्याने मजुरी केली. त्याच्या आरंभीच्या कथांतील मजुरांची बोली, त्यांचे हिशेब आणि त्यांचा तिरकस विनोद ह्यांचा उगम ह्या भटकंतीत आहे.

त्यानंतर सक्तीच्या लष्करी सेवेत तो नौसैनिक दलात दाखल झाला व व्हिएटनाममध्ये गेला. अमेरिकेचा मित्र म्हणून दक्षिण कोरियाने १९६४ ते १९७३ ह्या काळात तीन लाखांहून अधिक सैनिक आळीपाळीने व्हिएटनाममध्ये पाठविले होते. मारल्या गेलेल्यांची प्रेते पुरून जागा साफ करणे, हे ह्वांगच्या वाट्याला आलेल्या कामांपैकी एक होते. ठार झालेल्यांत नागरिकही असत. १९७० साली एका दैनिकाच्या नववर्ष साहित्यस्पर्धेत पारितोषिक मिळविणारी त्याची ‘थाप’ (म. शी. पॅगोडा) ही कथा ह्या अनुभवावर आधारलेली आहे. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून एका खेड्यातील लहानशा दगडी पॅगोड्याचे रक्षण करण्याचा हुकूम कोरियन तुकडीला मिळतो. तुकडीतील बहुतेकजण त्यात मरतात; आणि सकाळी अमेरिकन सैनिक बुलडोझर घेऊन येतात, कारण त्यांना ती जागा सपाट करावयाची असते. कथेत भाष्य जवळजवळ नाहीच.

ह्वांगने लेखनास प्रारंभ केला त्यावेळी कोरियन साहित्यात ‘फाळणीचे साहित्य’ हा स्वतंत्र प्रवाह स्थिरावला होता. चे इन-हुन ह्याच्या ग्वांगजांग (१९६०, म. शी. चौक) ह्या गाजलेल्या कादंबरीतील युद्धकैदी उत्तर व दक्षिण दोन्ही नाकारून तटस्थ देशाची निवड करतो आणि भारताकडे निघालेल्या जहाजावरून समुद्रात नाहीसा होतो. चेच्या नायकाचा पेच हा विचारवंताचा पेच होता. ह्वांगने तोच पेच ज्यांना निवडीची संधी कधीच मिळाली नाही अशांच्या पातळीवर आणला. हान्सी यॉन्देगी (१९७२, म. शी. हान ह्यांची बखर) ह्या लघुकादंबरीतील डॉ. हान हा प्याँगयांगमधील सरळमार्गी वैद्यक-प्राध्यापक. पक्षाच्या मर्जीपेक्षा रुग्णाची गरज महत्त्वाची मानल्यामुळे उत्तरेत तो संशयास्पद ठरतो. जीव वाचवून दक्षिणेत आल्यावर, तो उत्तरेतून आला एवढ्याच कारणाने त्याच्यावर हेरगिरीचा आळ येतो. त्याला राजकारणात रस नाही हेच दोन्ही बाजूंना समजत नाही. अखेरीस एका पडक्या घरातील खोलीत एकाकी म्हातारा म्हणून तो मरतो. तो कोण होता हे शेजाऱ्यांनाही ठाऊक नसते. सरकारी कागदपत्रांतील कोरडी भाषा वापरून एका आयुष्याचा असा ऱ्हास लेखकाने नोंदविला आहे.

गेक्जी (१९७१, म. शी. परमुलूख) ही त्याची लघुकादंबरी समुद्र हटवून जमीन तयार करण्याच्या कामावरील मजुरांच्या संपाची आहे. नोव्हेंबर १९७० मध्ये जॉन थे-इल ह्या तरुण शिंपीकामगाराने कामगार कायद्यांची अंमलबजावणी व्हावी म्हणून सेऊलच्या कापडबाजारात स्वतःला जाळून घेतले होते. त्यानंतर काही महिन्यांतच ही कृती प्रसिद्ध झाली आणि कोरियन श्रमिक साहित्याचा आरंभ तिच्यापासून मानला जातो. मुकादमांचे हस्तक, पगाराऐवजी मिळणाऱ्या चिठ्ठ्या, त्या कमी किंमतीत विकत घेणारे दुकानदार ह्या सर्व यंत्रणेचे बारकाईने केलेले वर्णन, हे तिचे बलस्थान आहे. संप फसतो. तो का फसला, हेही वाचकाला त्या यंत्रणेच्या वर्णनातूनच उमगते.

‘साम्फो गानुन गिल’ (१९७३, म. शी. साम्फोची वाट) ही ह्वांगची सर्वांत लोकप्रिय कथा. कडाक्याच्या हिवाळ्यात काम सुटलेला एक तरुण मजूर, तुरुंगातून सुटून गावी परतणारा एक प्रौढ आणि दारूच्या गुत्त्यातून पळालेली एक तरुणी असे तिघे बर्फातून स्टेशनाकडे चालू लागतात. कथेत घडते ते एवढेच. एकमेकांची चेष्टा, संशय आणि मग हळूहळू येणारी आपुलकी ह्यांतून तिघांची आयुष्ये कळत जातात. स्टेशनवर ती मुलगी निरोप घेताना आपले खरे नाव सांगते. दरम्यान एका म्हाताऱ्या प्रवाशाकडून कळते, की प्रौढ मजुराचे साम्फो हे बेट भराव घालून जमिनीला जोडले गेले असून तेथे हॉटेलांचे बांधकाम सुरू आहे. तरुण मजुराच्या दृष्टीने ही कामाची बातमी. प्रौढाला मात्र परतण्यासारखे गावच उरलेले नाही. औद्योगिकीकरणाने माणसांना गावांतून कसे उखडले, ह्याचे इतके अल्पाक्षरी चित्रण कोरियन कथेत क्वचितच आढळते. ली मान-ही ह्या दिग्दर्शकाने १९७५ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला.

१९७४ ते १९८४ ह्या दशकात ह्वांगने हान्गुक इल्बो ह्या दैनिकातून जांग गिल-सान ही प्रदीर्घ ऐतिहासिक कादंबरी क्रमशः लिहिली. ती दहा खंडांत ग्रंथरूप झाली. सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजा सुकजोंगच्या कारकीर्दीत, ह्वांगहे प्रांतात होऊन गेलेला जांग गिल-सान हा दरोडेखोर तिचा नायक. जोसॉन काळातील तीन मोठ्या बंडखोर दरोडेखोरांत त्याची गणना होते. राजदरबाराच्या दप्तरात त्याच्याविषयी थोड्याच नोंदी आहेत आणि तो कधीच पकडला गेला नाही. ह्या अपुऱ्या माहितीचा लेखकाने लाभ उठविला. त्याचा जांग हा भटक्या खेळकऱ्यांच्या, म्हणजे दोरीवरच्या कसरती, मुखवट्यांची सोंगे व गाणी ह्यांवर जगणाऱ्या हीन मानलेल्या जातीत वाढतो. त्याच्याभोवती मिठाचे व्यापारी, पळालेले गुलाम, खाणकामगार, भिक्षू, गणिका अशा शेकडो व्यक्ती येतात. मैत्रेय बुद्ध लवकरच अवतरेल व उच्चनीच भेद संपतील, ही त्या काळच्या गोरगरिबांमधील श्रद्धा कादंबरीत मध्यवर्ती आहे; शेवट उन्जू मंदिराच्या परिसरातील आडव्या बुद्धमूर्तीच्या दंतकथेशी येऊन थांबतो. लष्करी राजवटीच्या काळात दररोज वर्तमानपत्रात येणारी ही कथा वाचकांनी वर्तमानाशी जोडून वाचली, ह्यात नवल नाही. तथापि दहा वर्षांच्या क्रमशः लेखनाचे दोषही तिच्यात आहेत. मधल्या खंडांत उपकथानकांची गर्दी होते व नायक बराच काळ दृष्टीआड राहतो.

ह्या काळात ह्वांग राजधानी सोडून दक्षिण-पश्चिमेकडील जॉल्ला प्रांतात राहावयास गेला होता. शेतकरी व कामगारांसाठी उघड्या मैदानातील लोकनाट्ये उभारण्याच्या चळवळीत तो सामील झाला. अध्यक्ष पार्क चुंग-ही ह्याची ऑक्टोबर १९७९ मध्ये हत्या झाल्यानंतर सत्ता पुन्हा सैन्याच्याच हाती गेली. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात नागरिकांनी केलेला उठाव सैन्याने दहा दिवसांत चिरडून टाकला. शेकडो माणसे मारली गेली. वृत्तपत्रांवर नियंत्रण असल्याने उर्वरित देशाला ह्या घटनेचे खरे स्वरूप कळू दिले गेले नाही. उठावाच्या अखेरच्या रात्री मारला गेलेला युन सांग-वन आणि त्यापूर्वीच निधन पावलेली कामगार-शिक्षिका पार्क गी-सुन ह्यांचा मरणोत्तर विवाहविधी १९८२ मध्ये झाला. त्यानिमित्त ह्वांग व त्याच्या सहकाऱ्यांनी एक गीतनाट्य रचले व ते ह्वांगच्या घरीच, खिडक्यांना पांघरुणे लावून, ध्वनिमुद्रित केले. त्यातील ‘प्रियजनासाठी संचलनगीत’ पेक कि-वान ह्याच्या कवितेवरून ह्वांगने शब्दबद्ध केले असून किम जोंग-र्युल ह्याने त्याला चाल दिली. ध्वनिफितींवरून देशभर पसरलेले हे गीत पुढे कोरियातील लोकशाही चळवळीचे गीत झाले आणि आशियातील इतर देशांच्या कामगार मोर्चांतही ते गायिले गेले. १९८५ मध्ये ग्वांगजूच्या उठावाचा पहिला सविस्तर वृत्तांत गुप्तपणे छापला गेला. तो प्रामुख्याने ली जे-उई व इतर तरुणांनी साक्षी गोळा करून लिहिला होता; त्यांना संरक्षण मिळावे म्हणून तो ह्वांगच्या नावाने प्रसिद्ध झाला. सरकारने त्यावर बंदी घातली. ह्वांगला ओळखणाऱ्या सर्वांत मोठ्या वाचकवर्गाने त्याचे नाव अशा रीतीने त्याने स्वतः न लिहिलेल्या पुस्तकावर पाहिले, ही गोष्ट त्याच्या लेखकपणाविषयी बरेच काही सांगून जाते.

व्हिएटनामच्या अनुभवाकडे ह्वांग मुगिए गुनुल (२ खंड, १९८५, १९८८, म. शी. शस्त्रांची सावली) ह्या कादंबरीत पुन्हा वळला. आन यंग-ग्यू हा कोरियन सैनिक रणभूमीवरून डानांग येथील तपास पथकात येतो. काळ्या बाजाराची पाहणी करणे हे त्याचे काम. अमेरिकन कोठारांतून बाहेर पडणारे खाद्यपदार्थांचे डबे, वातानुकूलन यंत्रे, औषधे, सिमेंट आणि अखेर शस्त्रे ही सर्व बाजारात येतात आणि तेथून दोन्ही बाजूंच्या सैन्यांना पोचतात. एका व्हिएटनामी कुटुंबातील दोघे भाऊ, एक सरकारी सैन्यात अधिकारी व दुसरा मुक्तिसेनेत, ह्या बाजारामुळे एकमेकांसमोर येतात. युद्ध हा एक व्यापार आहे, हे सूत्र नवे नाही. परंतु डॉलर, लष्करी चलन व स्थानिक चलन ह्यांच्या फरकांतून नफा कसा होतो, हे लेखक एखाद्या हिशेबनिसाच्या काटेकोरपणे दाखवितो. कथानकात अधूनमधून अहवालवजा प्रकरणे येतात व नागरिकांच्या हत्यांचे निर्विकार जबाब त्यांत वाचावयास मिळतात. आपण अमेरिकन नाही आणि व्हिएटनामीही नाही. मग येथे आपण कोण, हा आनचा प्रश्न कोरियन वाचकाला अस्वस्थ करणारा होता. ह्या कादंबरीस १९८९ मध्ये मान्हे साहित्य पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी मार्चमध्ये ह्वांग बीजिंगमार्गे प्याँगयांगला गेला. उत्तर कोरियाशी परवानगीवाचून संपर्क साधणे हा दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली गंभीर गुन्हा होता. कोरियन लेखकाने देशाच्या दोन्ही अर्ध्या भागांविषयी लिहिताना त्यांतला एक पाहूच नये, हे त्याला मान्य नव्हते. तेथे तो किम इल-सुंगला भेटला, लेखकांना भेटला व सामान्य लोकांशीही बोलला. ह्या प्रवासाच्या वृत्तांताला त्याने दिलेले सारामी साल्गो इस्सॉन्ने (म. शी. तेथे माणसे राहत होती) हे साधे शीर्षकच त्या काळी धाडसाचे होते, कारण शालेय पुस्तकांतून उत्तरेतील लोकांना राक्षसी रूपात रंगविले जात असे. उत्तरेतील राजवटीकडे ह्या पुस्तकात त्याने पुरेशा कठोरपणे पाहिले नाही, असा आक्षेप घेतला गेला आणि तो अगदीच निराधार नाही. परत आल्यास अटक निश्चित असल्याने तो बर्लिनमध्ये कला अकादमीचा पाहुणा म्हणून राहिला. नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत कोसळताना त्याने पाहिली. पुढे तो न्यूयॉर्कला गेला व तेथे त्याने काही काळ अध्यापन केले. १९९३ मध्ये तो स्वेच्छेने मायदेशी परतला. लेखकाने आपल्या भाषेच्या लोकांतच राहिले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. विमानतळावरच त्याला ताब्यात घेण्यात आले व सात वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात लेखन करण्यास मनाई होती. ह्या व इतर निर्बंधांविरुद्ध त्याने अनेकदा उपोषणे केली. पेन ह्या आंतरराष्ट्रीय लेखकसंघटनेने त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले. किम दे-जुंग हे अध्यक्ष झाल्यावर मार्च १९९८ मध्ये त्याला माफी मिळून त्याची सुटका झाली. ह्या सर्व काळाची हकिकत सुइन (२०१७, म. शी. बंदिवान) ह्या त्याच्या आत्मचरित्रात आहे, कोठडीतील दिवस आणि पूर्वायुष्य ह्यांची प्रकरणे त्यात आलटून पालटून येतात.

सुटकेनंतर त्याच्या लेखनाचा दुसरा कालखंड सुरू होतो. ओरेद्वेन जॉंगवॉन (२०००, म. शी. जुनी बाग) ह्या कादंबरीचा नायक ओ ह्यॉन-ऊ सुमारे अठरा वर्षांच्या कारावासानंतर बाहेर येतो. ग्वांगजूनंतर भूमिगत असताना ज्या खेड्यात हान युन-ही ह्या चित्रकार शिक्षिकेने त्याला आसरा दिला होता, तेथे तो जातो. ती कर्करोगाने वारली आहे. मागे तिच्या वह्या आणि चित्रे आहेत. त्या वाचताना, आपण आत असताना जग कसे बदलले, चळवळीतील मित्रांचे काय झाले, बर्लिनमध्ये तिने भिंत पडताना काय पाहिले आणि आपल्याला एक मुलगी आहे, हे त्याला कळत जाते. क्रांतीसाठी आयुष्य देणारा पुरुष आणि त्या आयुष्याची किंमत मोजणारी स्त्री ह्यांच्या दोन निवेदनांत स्त्रीचे निवेदन अधिक समृद्ध उतरले आहे. ह्या कादंबरीवर इम सांग-सू ह्याने चित्रपट दिग्दर्शित केला.

सोन्निम (२००१, म. शी. पाहुणा) ही ह्वांगची सर्वश्रेष्ठ कादंबरी मानावी लागेल. तिच्या पाठीमागे सिनचॉन येथील हत्याकांड आहे. ह्वांगहे प्रांतातील सिनचॉन जिल्ह्यात १९५० च्या हिवाळ्यात, अमेरिकेच्या नेतृत्वाखालील संयुक्त राष्ट्रांची सेना उत्तरेकडे सरकली असताना, फार मोठ्या प्रमाणावर माणसे मारली गेली. उत्तर कोरियाच्या अधिकृत भूमिकेनुसार अमेरिकन सैन्याने सुमारे ३५,००० लोकांची हत्या केली. तेथे ह्या घटनेचे संग्रहालय असून ते परदेशी पाहुण्यांना दाखविले जाते. १९८९ च्या भेटीत ह्वांगनेही ते पाहिले. पुढे अमेरिकेत त्या भागातून आलेल्या एका वृद्ध धर्मोपदेशकाकडून त्याला निराळी हकिकत ऐकावयास मिळाली. ती अशी, की मारणारे व मरणारे मुख्यतः त्याच गावांतील शेजारी होते : एका बाजूस ख्रिस्ती तरुण व दुसऱ्या बाजूस साम्यवादी.

कोरियाच्या वायव्य भागात प्रॉटेस्टंट पंथ लवकर व खोलवर रुजला होता. चर्चमध्ये जाणाऱ्यांत जमीन बाळगणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या मोठी होती. १९४६ मध्ये उत्तरेत जमिनींचे फेरवाटप झाले, तेव्हा ह्या कुटुंबांच्या जमिनी गेल्या आणि कालपर्यंत त्यांच्याकडे राबणारे गडी समित्यांचे सदस्य झाले. कादंबरीतील इचिरो हा असाच एक गडी. त्याला सारे गाव जपानी काळात चिकटलेल्या नावाने हाक मारत असते. त्याचे खरे नाव कोणी विचारलेलेच नसते. रात्रशाळेत तो पाक इल-लांग हे स्वतःचे नाव लिहावयास शिकतो, तो प्रसंग संयतपणे लिहिलेला असूनही विसरता येत नाही. जमीन हिरावली गेलेल्यांचा संताप आणि नाव परत मिळालेल्याचा अभिमान ह्या दोहोंनाही लेखक सारखाच न्याय देतो. त्यामुळे पुढे येणाऱ्या हिंसेत वाचकाला कोणत्याच बाजूचा आश्रय मिळत नाही.

शीर्षकाचा अर्थ येथे स्पष्ट होतो. बाहेरून आलेल्या देवीच्या रोगाला कोरियन लोक भयापोटी आदराने ‘सोन्निम’ म्हणजे ‘पाहुणा’ म्हणत. (मराठीत ह्या रोगाला ‘देवी’ म्हणण्यामागे व देवी ‘येतात’ असे आदरार्थी बोलण्यामागे हीच भावना आहे.) ख्रिस्ती धर्म आणि मार्क्सवाद हे पश्चिमेकडून आलेले असेच दोन पाहुणे होत, असे ह्वांग सुचवितो. यजमानाला स्वतःचे आधुनिक जीवन स्वतःच्या गतीने घडविण्यास अवसर मिळाला नाही. वसाहतवाद आणि फाळणी ह्यांमुळे ते घाईघाईने उसने घ्यावे लागले, आणि पाहुण्यांच्या नावाने घरातल्यांनी एकमेकांचे गळे धरले.

कादंबरीची रचना ह्वांगहे प्रांतातील ‘जिनोग्वी गुत’ ह्या विधीवर बेतलेली आहे. मृताच्या अतृप्त आत्म्याला वाट दाखविण्यासाठी शमन स्त्री हा बारा टप्प्यांचा विधी करते. मृत व्यक्ती तिच्या मुखातून बोलते, तक्रारी सांगते, जिवंतांशी भांडते आणि मग निरोप घेते. कादंबरीची प्रकरणेही बारा आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेला वृद्ध धर्मोपदेशक र्यू यो-सॉप मातृभूमीच्या भेटीस निघण्याच्या बेतात असताना त्याचा थोरला भाऊ यो-हान मरण पावतो. यो-हान हा त्या हत्याकांडातील मारेकऱ्यांपैकी एक. भावाच्या अस्थीचा एक तुकडा बरोबर घेऊन यो-सॉप जातो. वाटेत भावाचे भूत आणि त्याने मारलेल्यांची भुते त्याला येऊन भेटतात. मारणारा व मेलेले आता एकत्र हिंडत असतात. निवेदन एका ‘मी’कडून दुसऱ्या ‘मी’कडे जाते. तीच घटना वेगवेगळ्या तोंडून पुन्हा सांगितली जाते व प्रत्येक वेळी तिच्यात काही भर पडते. संग्रहालयातील मार्गदर्शक पाठ केलेला वृत्तांत म्हणून दाखवीत असताना शेजारी भुते उभी आहेत, हा प्रसंग इतिहासलेखनाविषयीच्या एखाद्या प्रबंधाहूनही बोलका आहे. शेवटी भुते आपले सांगणे संपवून निघून जातात; अस्थीचा तुकडा गावच्या मातीत पुरला जातो. कोणी कोणास क्षमा केली, असे लेखक म्हणत नाही.

ही कादंबरी दोन्ही कोरियांतील अधिकृत मतांना अडचणीची ठरली. उत्तरेला अमेरिकेची सुटका होणे नामंजूर होते. दक्षिणेत ख्रिस्ती मंडळींनी व माजी सैनिकांनी तिच्यावर रोष व्यक्त केला. २००१ चा देसान साहित्य पुरस्कार तिला मिळाला.

लोकपरंपरेतील कथनरूपाचा असा उपयोग ह्वांगने पुढेही केला. आंधळ्या पित्यासाठी स्वतःला विकणाऱ्या आज्ञाधारक कन्येची शिम चॉंग ही कथा कोरियात घरोघरी माहीत आहे. त्याच नावाच्या कादंबरीत (२००३) ती मुलगी एकोणिसाव्या शतकातील पूर्व आशियाच्या देहविक्रयाच्या बाजारात चीन, तैवान, सिंगापूर, र्यूक्यू बेटे आणि जपान अशी फिरत राहते. कल्पना प्रभावी असली, तरी शृंगारवर्णनांचा विस्तार अनावश्यक वाटतो. बारिदेगी (२००७) अधिक एकजिनसी आहे. टाकून दिलेली सातवी राजकन्या जीवनजल आणण्यासाठी मृत्युलोकात जाते, ही शमनांची मूळ कथा. ह्वांगची बारी ही नव्वदीच्या दशकातील दुष्काळात उत्तर कोरियातून चीनमध्ये पळालेली मुलगी. जहाजाच्या तळघरातून ती लंडनला पोचते, पायांना मालीश करण्याचे काम करते व पाकिस्तानी कुटुंबातील अली ह्या मुस्लिम तरुणाशी विवाह करते. २००१ च्या न्यूयॉर्कमधील हल्ल्यानंतरच्या जगाची झळ तिच्या संसारालाही लागते.

उत्तरकालीन इतर लेखन कमीअधिक प्रतीचे आहे. गेबापबारागी ब्यॉल (२००८, म. शी. सांजतारा) ही तारुण्यातील भटकंतीवरील आत्मचरित्रात्मक कादंबरी तरुण वाचकांत लोकप्रिय झाली. गांगनाम मोंग (२०१०, म. शी. गांगनामचे स्वप्न) मध्ये १९९५ साली सेऊलमधील साम्पुंग हे भव्य विक्रीभांडार कोसळण्याच्या दुर्घटनेपासून मागे जात जमिनींच्या सट्टेबाजीचा इतिहास सांगितला आहे, तीत वृत्तकथन अधिक व कादंबरी कमी आहे. नाचिगुन सेसांग (२०११, म. शी. ओळखीचे जग) मध्ये राजधानीच्या कचऱ्याच्या डोंगरावर राहणाऱ्या मुलाची कथा आहे. त्या बेटावर पूर्वी शेती करणाऱ्यांची भुते मुलाला निळसर दिव्यांच्या रूपात दिसतात. हेजिल मुर्यॉप (२०१५, म. शी. दिवस मावळताना) ह्या लहान आकाराच्या कादंबरीत यशस्वी वास्तुविशारदाला आपण पाडून टाकलेल्या वस्त्यांचे स्मरण होते.

चॉल्दोवॉन साम्दे (२०२०, म. शी. रेल्वे कामगारांच्या तीन पिढ्या) ही कादंबरी मात्र त्याच्या सर्व जुन्या विषयांना एकत्र आणते. कामावरून काढलेला ई जिन-ओ हा कामगार कारखान्याच्या उंच धुराड्यावर चढून महिनोन्‌महिने धरणे धरून बसतो. रात्री तेथे त्याला मृत आप्त भेटतात आणि पणजोबांपासूनच्या रेल्वे कामगारांची हकिकत उलगडते : जपान्यांनी घातलेले लोहमार्ग, गुप्त कामगार संघटना, पोलिसांचे खबरे आणि फाळणीनंतर दोहोंकडे विखुरलेले कुटुंब. हिचे स्थळ लेखकाच्या बालपणीचे याँगदुंगपो हेच आहे. मूळच्या याँगदुंगपोच्या एका वृद्ध माणसाशी १९८९ मध्ये प्याँगयांगमध्ये झालेल्या संभाषणातून तिचे बीज मिळाले, असे ह्वांगने सांगितले आहे. त्या भेटीपासून ग्रंथ प्रसिद्ध होईपर्यंत तीस वर्षे गेली. कोरियन कादंबरीत शेतकरी व बुद्धिजीवी पुष्कळ असले, तरी औद्योगिक कामगारांची दीर्घ परंपरा चित्रित झालेली नाही, ही उणीव भरून काढण्याचा त्याचा हेतू होता. धुराड्यावरील दैनंदिन जीवनाचे, दोरीने वर येणाऱ्या जेवणाचे आणि थंडीचे तपशील ‘गेक्जी’च्या लेखकाची आठवण करून देतात. इंग्रजी भाषांतराला २०२४ च्या आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत स्थान मिळाले.

ह्वांगची शैली बोलीच्या जवळची, क्रियाप्रधान आणि अलंकरण टाळणारी आहे. मानसिक विश्लेषणापेक्षा काम करणाऱ्या हातांचे वर्णन तो अधिक विश्वासाने करतो. त्याच्या वास्तववादात भुतांचा प्रवेश झाला तो परदेशी साहित्यिक प्रवाहांच्या अनुकरणामुळे, असे काही समीक्षकांना वाटते. तथापि जांग गिल-सानमधील खेळकरी, मैदानी लोकनाट्ये आणि ग्वांगजूच्या मृतांचा विवाहविधी हे टप्पे पाहता तो त्याच्या आधीच्या कार्याचाच विस्तार ठरतो. त्याच्या स्त्रीव्यक्तिरेखा मात्र पुष्कळदा पुरुषांच्या दुःखाला आधार देण्यापुरत्या उरतात, ही टीका पटण्यासारखी आहे. सार्वजनिक जीवनात त्याने वादही ओढवून घेतले; २००९ मध्ये पुराणमतवादी अध्यक्ष ली म्याँग-बाक ह्यांच्या मध्य आशियाच्या दौऱ्यात सामील झाल्याबद्दल त्याच्या जुन्या सहकाऱ्यांनी त्याच्यावर कठोर टीका केली. त्याच्या प्रमुख कादंबऱ्यांची इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, जपानी, चिनी इ. भाषांत भाषांतरे झाली आहेत. हेजिल मुर्यॉपच्या फ्रेंच भाषांतरास २०१८ मध्ये आशियाई साहित्यासाठी दिले जाणारे एमील गीमे पारितोषिक मिळाले.